बोलून न सांगणारा विद्यार्थी काय सांगतोय? वर्गात नव्याने आलेल्यांसाठी

विशेष शिक्षणाच्या वर्गात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी काही वाक्यं त्याच्या कानावर पडतात. "हा जरा हट्टी आहे." "ती नुसतं लक्ष वेधून घ्यायला करते." "त्याला काही कारण लागत नाही, असाच चावतो." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, तो तुम्हाला सावध करत असतो. पण ही वाक्यं एकदा डोक्यात बसली की पुढे कित्येक महिने प्रत्येक गोष्टीला तुम्ही तेच कारण लावत राहता. म्हणून पहिली सूचना हीच: ती ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका.

हा लेख ज्या मुलांबद्दल आहे त्यांना रोजच्या गरजांपुरतंही बोलणं जमत नाही. कारणं वेगवेगळी असतात: सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, रेट सिंड्रोम (बहुतेक मुलींमध्ये आढळणारा जनुकीय विकार), बहुविकलांगता, एकाच वेळी दृष्टी आणि श्रवण दोन्ही कमी असणं. काहींना एकही शब्द येत नाही. काहींना दहा-वीस येतात, पण घाबरल्यावर किंवा दमल्यावर तेही तोंडातून निघत नाहीत. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं मात्र समजू नका. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलताना तर मुळीच नको.

अशा मुलाच्या ढकलण्यात, चावण्यात, किंचाळण्यात, अंग टाकून देण्यात बहुतेक वेळा काहीतरी सांगणं असतं. ते ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, हे क्रमाने बघू. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण सुरुवातच "हे थांबवायचं कसं?" या प्रश्नापासून करतात आणि तिथेच अडकतात.

१. आधी शरीर तपासा

वागणं नवीन असेल, अचानक वाढलं असेल किंवा दिवसाच्या ठरावीक वेळीच दिसत असेल, तर पहिला संशय दुखण्याचा घ्या. हाताने कानावर मारून घेणारं मूल कानाच्या संसर्गाने हैराण झालेलं असू शकतं, किंवा त्याची दाढ दुखत असेल. खाल्ल्यावर पाठीची कमान करून मान एका बाजूला वळवणाऱ्या मुलाच्या घशाशी आम्ल येत असेल. या हालचालींना सँडिफर सिंड्रोम असं नावही आहे आणि बघणाऱ्याला ती फिटच वाटते. बद्धकोष्ठता तर सर्रास नजरेतून सुटते, कारण तिच्याबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत चिडचिडीच्या तारखा कॅलेंडरवर मांडून बघा. व्हीलचेअर वापरणारं मूल वाढलेलं असतं आणि खुर्ची तेवढीच राहिलेली असते. हातापायाला आधार देणारा स्प्लिंट रुतत असतो. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो आणि ते दुखणं डायपर बदलताना किंवा उचलताना उसळी मारतं. "उचलायला गेलं की मारते" या तक्रारीमागे कधीकधी हे निघतं.

औषधांकडेही बघा. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटॅमने काही मुलांची चिडचिड वाढते, हे डॉक्टरांना माहीत असतं. वर्गात मात्र औषध बदलल्याचंच कुणी सांगितलेलं नसतं. औषध स्वतःहून थांबवायचं नाही, पण बदल कधी झाला आणि वागणं कधी बदललं या दोन तारखा पालकांमार्फत डॉक्टरांपर्यंत पोचवणं तुमच्या हातात आहे.

दुखणं मोजायला एक सोपी पट्टी आहे. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक मापनात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत करता येणं अशा पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात; एकूण 10. बौद्धिक विकलांगता असलेल्या मुलांसाठी 2006 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात त्या त्या मुलाची दुखण्याची खास लक्षणं पालकांना विचारून लिहितात. मला हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण काही मुलं दुखल्यावर रडत नाहीत. एखादं एकदम गप्प होतं, एखादं हसायला लागतं. आईला विचारा: "याला दुखतंय हे तुम्हाला कशावरून कळतं?" उत्तर लिहून ठेवा.

२. प्रत्येक हालचाल म्हणजे निरोप नव्हे

"वागणं म्हणजे संवाद" हे वाक्य एकदा पटलं की माणसं सगळ्याच गोष्टींचे अर्थ लावायला लागतात. तेही चुकीचंच. मोठा आवाज झाला की हात फेकले जाणं, मान वळली की त्या बाजूचा हात ताठ होणं या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. रेट सिंड्रोममध्ये हात एकमेकांवर चोळत राहणं मुलीच्या ताब्यात नसतं. तिचं म्हणणं शोधायचं असेल तर तिच्या डोळ्यांकडे बघा. मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या इजेमुळे नीट न दिसणारी मुलं वस्तू घ्यायला हात पुढे करताना मान मात्र दुसरीकडे फिरवतात. नवख्या माणसाला वाटतं, "त्याला नकोय" आणि तो वस्तू उचलून घेतो. मुलाचा हात मात्र तिच्याकडेच जात असतो.

मुद्दाम सांगितलेलं कसं ओळखायचं? मूल काही केल्यावर तुमच्याकडे बघतं का, थांबून वाट पाहतं का, हवं ते मिळाल्यावर करायचं सोडतं का आणि न मिळाल्यास पुन्हा किंवा वेगळ्या पद्धतीने करून बघतं का, हे बघा. चॅरिटी रोलँड यांच्या कम्युनिकेशन मॅट्रिक्समध्ये संवादाचे सात टप्पे मांडलेले आहेत. पहिल्या टप्प्यावर मूल फक्त अस्वस्थ किंवा खूश असतं, अर्थ आपण लावतो. दुसऱ्यावर त्याला काय हवं ते त्याला कळतं, पण ते दुसऱ्याला सांगता येतं हे उमगलेलं नसतं. मुद्दाम कुणाला तरी सांगणं तिसऱ्यापासून सुरू होतं. पहिल्या दोन टप्प्यांवरच्या मुलाला "मुद्दाम करतो" म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच्या हालचालीला तुम्ही रोज एकसारखा प्रतिसाद दिलात, तर त्यातूनच "मी असं केलं की हे येतात" हे त्याला हळूहळू कळू लागतं.

३. नोंद करा, पण मत लिहू नका

घडण्याआधी काय होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. तीन रकाने पुरतात. वर एक ओळ: झोप किती झाली, खाल्लं का, औषध, फिट आली का, येताना काही झालं का. "चिडला", "नाटकं केली", "कंटाळली" हे शब्द नोंदीत येऊ देऊ नका. मोबाइलवर चित्रण केलं असतं तर जे दिसलं असतं, तेवढंच लिहायचं. नमुन्यासाठी ही एक नोंद बघा:

*मंगळवार, 10:40. आधी: टेबलावर ट्रेमध्ये चित्रं जुळवण्याचा तक्ता, चौथं चित्र. शेजारी बसलेल्या मदतनीस ताई उठून दुसऱ्या मुलाकडे गेल्या. काय केलं: मान डावीकडे वळवली, जोरात श्वास घेतला, "अंऽ" असा आवाज दोनदा काढला. साधारण 15 सेकंदांनी ट्रे ढकलला, चित्रं खाली पडली. नंतर: ताई परत आल्या, "असं नाही करायचं" म्हणाल्या, चित्रं उचलली, शेजारी बसल्या. मुलगा शांत. पुढची दोन चित्रं जुळवली.*

घाईत वाचलं तर निष्कर्ष निघतो: काम नको होतं, ट्रे ढकलला. मग शेवटची ओळ परत वाचा. काम नको असतं तर ताई बसल्यावर त्याने दोन चित्रं जुळवली नसती. आणि त्या 15 सेकंदांकडे लक्ष द्या. त्याने दोनदा हाक मारली होती. ती कुणाला ऐकू गेली नाही. ट्रे हा त्याचा तिसरा प्रयत्न होता आणि तोच यशस्वी झाला. म्हणून नोंदीतला मधला रकाना सगळ्यात बारकाईने भरा. मोठ्या वागण्याआधीच्या छोट्या खुणा (श्वास, नजर, मुठी, आवाजाची पट्टी) तिथेच सापडतात, आणि त्या खुणांवर प्रतिसाद देता आला तर पुढचं बरंच टळतं.

वागणं रोज होत असेल तर आठवडाभरात किंवा फार तर दोन आठवड्यांत काहीतरी नमुना दिसायला लागतो. ज्या तासाला काहीच होत नाही त्याचीही नोंद घ्या. संगीताच्या तासाला ट्रे कधीच ढकलला जात नसेल, तर त्या तासात काय आहे आणि काय नाही, हे कळणंही तितकंच महत्त्वाचं.

४. अंदाज बांधा आणि तो तपासा

ढोबळमानाने वागण्यामागे चार कारणं शोधतात: काहीतरी हवंय, कशातून तरी सुटायचंय, कुणीतरी जवळ हवंय, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला काही मिळतंय. चौथ्यात बाहेरच्या माणसाचा संबंध नसतो. मूल एकटं असतानाही ते होत राहतं. एकाच मुलाचं एकच वागणं दोन ठिकाणी दोन कारणांनी असू शकतं. जेवताना चावणं म्हणजे "पुरे" आणि मैदानावर चावणं म्हणजे "माझ्याशी खेळ" असंही निघतं.

"लक्ष वेधून घेण्यासाठी करतो, दुर्लक्ष करा" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. त्यातला पहिला भाग बरोबर असू शकतो, दुसरा भाग मला पटत नाही. सोबत मागणं ही गरजच आहे. 1988 मध्ये जॅनिस लाइट यांनी संवादाचे चार हेतू मांडले: गरजा सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि शिष्टाचार पाळणं. वर्गातले चित्रफलक, म्हणजे मुलाने चित्रावर बोट ठेवून बोलायचे तक्ते, काढून बघा. त्यावर पाणी, शौचालय, खाऊ, खेळणं असतं. "इकडे ये", "माझ्याजवळ बस", "हे बघ ना" हे क्वचितच सापडतं. फलकावर जे नाही ते मूल ट्रे ढकलूनच सांगणार.

अंदाज तपासायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला. वरच्या उदाहरणात दोन दिवस ताईंनी पूर्ण वेळ शेजारी बसावं, काम तेच. मग दोन दिवस काम अगदी सोपं द्यावं आणि ताईंनी मधून उठावं. ट्रे कधी पडतो ते बघा. बसण्याची जागा, काम आणि माणूस तिन्ही एकदम बदललंत तर फरक पडूनही कशामुळे पडला ते कळणार नाही. स्वतःला इजा करणाऱ्या वागण्यावर मात्र असले प्रयोग एकट्याने करू नका. त्यासाठी जाणकार सोबत हवा.

५. तेच काम करणारा सोपा मार्ग द्या

सगळ्या लेखातून एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. वागणं काढून घेण्याआधी त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि त्याने नेमकं तेच काम व्हायला हवं. 1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांसोबत केलेलं काम प्रसिद्ध झालं. काम अवघड जातं म्हणून त्रास देणाऱ्या मुलाला "मला कळत नाही" हे सांगायला शिकवल्यावर वागणं कमी झालं. त्याच मुलाला "मी चांगलं काम करतोय ना?" हे विचारायला शिकवून उपयोग झाला नाही, कारण त्याला कौतुक नको होतं, मदत हवी होती. सगळ्यांना सरसकट "प्लीज" शिकवण्याचे कार्यक्रम फसतात ते इथेच.

दुसरी अट: नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा असायला हवा. हॉर्नर आणि डे या संशोधकांनी 1991 मध्ये तीन गोष्टींवर बोट ठेवलं: कष्ट किती पडतात, किती वेळा करावं लागतं आणि किती लवकर फळ मिळतं. ट्रे ढकलायला एक हात आणि एक सेकंद लागतो. त्याऐवजी तुम्ही त्याच्याकडून कप्प्यातली वही काढणं, पान उलटणं, चित्र सोलून पट्टीवर चिकटवणं आणि मग तुमचं लक्ष जाईपर्यंत थांबणं अशी अपेक्षा ठेवलीत तर तो ट्रेच ढकलणार. त्याच्या जागी कुणीही तेच करेल. तेव्हा खुर्चीच्या हातावर, त्याचा हात सहज पोचेल अशा जागी, दाबल्यावर "इकडे ये" असं बोलणारं एकच मोठं बटण लावा. हात चालत नसेल तर डोळे वर करणं, मान कलणं, गालाजवळचा स्विच, जे त्याला हमखास जमतं ते निवडा. ही निवड स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर बसून करा.

आणि पहिल्या काही आठवड्यांत ते बटण दर वेळी चाललंच पाहिजे. दाबलं की जायचं, हातातलं काम सोडून. छोटी खूण दिसताच, म्हणजे मान वळली आणि श्वास वाढला की, ट्रेपर्यंत गोष्ट जायच्या आत त्याला बटणाकडे वळवायचं.

सुटका हवी असणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी "नको" आणि "थांबा" देईन. यावर हमखास येणारी शंका: "मग तो दिवसभर नकोच म्हणेल." सुरुवातीला म्हणेलही. ज्याचं नकार देणं आजवर कुणी ऐकलंच नाही, तो ते पुन्हापुन्हा वापरून बघणारच. नकार मानला जातो याची खात्री पटल्यावर मग वाट पाहायला शिकवता येतं: "नको म्हणालास, कळलं. हे एक चित्र, मग सुट्टी." एक चित्र झालं की सुट्टी द्यायचीच, "छान करतोयस, अजून एक" म्हणायचा मोह आवरा. शब्द पाळला गेला नाही तर मूल पुन्हा जुन्या मार्गावर जातं.

काही गोष्टी टाळता येत नाहीत. औषध, डायपर बदलणं, खुर्चीचा पट्टा. तिथे नकार ऐकला हे सांगा, पण खोटा पर्याय देऊ नका. "औषध घेणार का?" असं विचारायचं आणि "नको" आल्यावर तरीही तोंडात घालायचं, यातून मूल शिकतं की विचारण्याला अर्थ नसतो. त्यापेक्षा "औषध घ्यायचंय. आधी पाणी की आधी औषध?" असं विचारा. एवढी निवड खरी असते.

६. तुम्हीही तो फलक वापरा

बोलकी मुलं वर्षानुवर्षं बोलणं ऐकून मग बोलायला लागतात. चित्रांतून बोलायला सांगितलेल्या मुलाने मात्र ती चित्रं वापरणारा माणूस कधी पाहिलेलाच नसतो. तुम्ही बोलताना त्याच्याच फलकावर एक-दोन शब्दांवर बोट ठेवत चला: "आता *थांबू*", "मला *आवडलं*". त्याने लगेच तसंच करावं अशी मागणी नको, परीक्षा घेणारे प्रश्नही नकोत. काही विचारलंत तर मनात दहापर्यंत आकडे मोजा, हालचाल करणं कठीण जाणाऱ्या मुलासाठी त्याहून जास्त. हे वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. तीन-चार सेकंद झाले की आपण प्रश्न पुन्हा विचारतो आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याचा हात पकडून चित्रावर नेऊन ठेवणं टाळा. त्या बोटातून जे निघतं ते तुमचं म्हणणं असतं. फलकावर "दुखतंय", "भीती वाटते" आणि "मला म्हणायचंय ते इथे नाही" यांना जागा ठेवा. आणि शिक्षा म्हणून फलक किंवा उपकरण कधीही काढून घेऊ नका, "तेच ते बटण दाबून डोकं उठवतो" म्हणूनसुद्धा नाही. ते म्हणजे मुलाच्या तोंडावर पट्टी बांधणं.

७. उद्रेक झालाच तर

त्या क्षणी शिकवायचं काहीच नसतं. आसपासची मुलं आणि लागतील अशा वस्तू दूर करा, आवाज आणि शब्द कमी करा, एकच माणूस पुढे राहू द्या. धरून ठेवण्याबाबत शाळेचे लेखी नियम आधीच माहीत करून घ्या. पालथं दाबून धरल्याने श्वास कोंडू शकतो. शांत झाल्यावर पाणी, विश्रांती आणि मग नोंद. "सॉरी म्हण" हा आग्रह नको.

नवा मार्ग शिकवत असताना जुन्याचा उपयोग होईनासा झाला, की तो काही दिवस आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. हे वर्गातल्या सगळ्यांना आणि घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या त्याच दिवशी कुणीतरी "याचा उपयोग नाही" म्हणून योजना गुंडाळतं.

८. ओळख-वही

तुम्हाला जे कळलं ते तुमच्या डोक्यात राहिलं तर तुम्ही रजेवर गेलात की मूल पुन्हा मुकं होतं. तीन रकान्यांचं एक पान करा आणि खुर्चीलाच अडकवा. काय करतो, याचा अर्थ आम्हाला काय वाटतो, तुम्ही काय करायचं:

मान डावीकडे, जोरात श्वास: "कुणीतरी या." शेजारी बसा, बटण दाखवा.

डोळे वर, थोडा वेळ तिथेच: "हो." मोठ्याने म्हणा, "हो म्हणालास."

जेवताना ओठ घट्ट मिटणं: "पुरे." चमचा खाली ठेवा, आग्रह नको.

एकदम गप्प, रंग उतरलेला: बहुतेक दुखतंय. घरी फोन करा, नोंद करा.

प्रत्येक ओळीपुढे तारीख घाला. पालकांची आणि भावंडांची मतं त्यात हवीत. भावंडांना बऱ्याच गोष्टी आपल्याआधी कळलेल्या असतात. दर काही महिन्यांनी बसून चुकीचा ठरलेला अंदाज खोडा आणि जिथे मूल आता चित्र किंवा बटण वापरतं तिथे जुनी ओळ बदला. तज्ज्ञांकडे जायची वेळ आली (वागणं जखमा करतंय, नोंदींतून नमुना निघत नाही, किंवा मूल येणाऱ्या गोष्टीही विसरत चाललंय) तर हे पान, त्या नोंदी, औषधांची यादी आणि पालकांच्या परवानगीने केलेलं छोटं चित्रण सोबत न्या. चित्रण वागण्याच्या अर्धा मिनिट आधीपासून सुरू झालेलं असेल असं बघा.